दादोबा पांडुरंग : सुरतेतील एक अध्यापक

मराठी भाषेचे पाणिनी म्हणून दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील काही महत्त्वाची वर्षे तापीच्या काठी, सुरत शहरी अध्यापनात गेली, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत खेतवाडी येथे झाला. इंग्रजी विद्येचा लाभ झालेल्या पहिल्या पिढीचे ते विद्यार्थी. नव्या शाळांतून मराठी शिकवावयाची, तर तिचे नियम सांगणारा सुबोध ग्रंथ हवा, ही उणीव त्यांना विद्यार्थिदशेतच जाणवली. संस्कृत व इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास करून त्यांनी आपला व्याकरणग्रंथ सिद्ध केला. १८३६ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काही काळ काम केल्यावर व मुंबईत अध्यापन केल्यावर सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत त्यांची नेमणूक झाली.

त्या वेळचे सुरत हे पूर्ववैभव गमावलेले शहर होते. व्यापार मुंबईकडे वळलेला, १८३७ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झालेला, आणि त्याच वर्षी तापीचा महापूर येऊन गेलेला. अशा आपत्तीनंतर लोकमन दैवाकडे, भूतपिशाच्चांकडे व मांत्रिकांकडे वळावे, यात नवल नव्हते. विद्यार्थ्याला केवळ अक्षरे शिकवून भागणार नाही. कार्यकारणाचा विचार करण्याची आणि तो विचार न सोडण्याची सवय त्यास लावली पाहिजे, हे त्या काळच्या जागरूक अध्यापकांनी ओळखले.

त्यांत अग्रणी होते गुजराती शाळेतील मेहताजी दुर्गाराम मंछाराम. त्यांच्या पुढाकाराने १८४२ साली पुस्तक प्रसारक मंडळी निघाली होती. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशा पाच ‘द’कारांचा स्नेह जुळला, आणि २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. ईश्वर एक, मनुष्यजाती एक, हे तिचे सूत्र. सभेने मांत्रिकांना आपले सामर्थ्य सिद्ध करून दाखविण्याचे जाहीर आव्हान दिले. मराठी अध्यापक आणि गुजराती मेहताजी एकाच कार्यास लागले, हे या सभेचे विशेष होय.

सभेस दीर्घायुष्य लाभले नाही. १८४६ मध्ये दादोबा अध्यापक घडविणाऱ्या वर्गाच्या कामासाठी मुंबईस गेले. १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा थंडावली. तथापि तिच्या संस्कारात वाढलेल्या महीपतराम रूपराम यांनी पुढे समुद्रपर्यटन करून जातिबहिष्कार सोसला, आणि १८७९ साली दुर्गारामांचे चरित्र लिहून त्या कार्याची स्मृती जतन केली.

मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेलाही दादोबांच्याच विचारांचा आधार होता. पण तिचे काम गुप्तपणे चाले. जातिभेद मोडल्याची खूण म्हणून सभासद परधर्मीयाच्या हातचे पाव-पाणी घेत, तेही बंद दाराआड. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि बोभाट्याच्या भयाने सभा विस्कळीत झाली. सुरतेच्या वास्तव्यात लिहिलेले ‘धर्मविवेचन’ दादोबांनी १८६८ साली छापले, तेही स्वतःचे नाव न घालता. लोकभयावर त्यांना सर्वस्वी मात करता आली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दोन्ही सभा विराम पावल्यावरही त्यांची लेखणी विराम पावली नाही, हेही तितकेच खरे.

१८५२ नंतर ते डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादुर ही पदवी त्यांना मिळाली. पण त्यांच्यातील अध्यापक कायम राहिला. कोवळ्या वयात लिहिलेले व्याकरण त्यांनी आवृत्तीगणिक तपासले, वाढविले, सुधारले. १८६५ साली मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका प्रसिद्ध केली आणि मातापित्यांची नावे तीस देऊन त्यांचे ऋण स्मरले. मोराने मेघास आळवावे तशी कवीने ईश्वरास पुनःपुन्हा घातलेली साद, हा त्या काव्याचा गाभा. उत्तर येवो न येवो, आळवणी थांबत नाही. अशा काव्याचा अन्वय, अर्थ, व्याकरण व अलंकार दादोबांनी पद्यागणिक उलगडून दाखविले. अवघड श्लोकापाशी वाचकाने हार मानू नये, धीर धरून पदामागून पद सोडवीत जावे, हाच धडा त्या टीकेच्या पानापानांतून मिळतो. वर्गात फळ्यापाशी उभे राहून शिकवावे, तशीच ती रीत आहे.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांच्या संपादनाने १९४७ साली प्रकाशात आले. त्यांनी ज्यांत भाग घेतला त्या सभा काळाच्या उदरात गडप झाल्या. ग्रंथ मात्र उरले. सभा माणसांच्या धैर्यावर चालते आणि ते कधी कमीही पडते. ग्रंथ मात्र कपाटात स्वस्थ राहून पुढच्या वाचकाची वाट पाहतो. गुजरातच्या भूमीवर मराठी ग्रंथांची जपणूक करणाऱ्या प्रत्येकाने सुरतेच्या या अध्यापकाचे स्मरण ठेवावे, ते याचसाठी.