बुद्धाच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी



दर पौर्णिमेला आपण विहारात त्रिशरण-पंचशील म्हणतो. लहान लेकरांनासुद्धा ते तोंडपाठ आहे. पण सव्वाशे वर्षांमागे मराठी माणसाला बुद्धाची शिकवण मुळातून शिकायची म्हटली, तर पाली शिकवणारा गुरू कुठून आणायचा? त्यासाठी एका माणसाने घरदार सोडले. ते धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म 1876 साली गोव्यात साखवाळ गावी झाला. शाळा थोडीच झाली. ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचे छोटे चरित्र वाचले आणि मनाने ओढ घेतली. 1899 साली बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. त्या माउलीने काय सोसलं असेल, तेही आपण विसरू नये. पुण्यात, काशीत संस्कृत शिकले. काशीत अन्नछत्रात जेवून दिवस काढले. नेपाळात गेले, पण निराश होऊन परतले. शेवटी 1902 साली सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकले, भिक्खूची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तिथे महिना अडीचशे रुपये मिळाले असते. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी पन्नास रुपये देऊ केले, ते त्यांनी पत्करले. आम्ही सूतगिरणीत पगारावर जगणारी माणसं. दोनशे रुपयांवर पाणी सोडणं म्हणजे काय, ते आम्हाला कळतं. नंतर ते अमेरिकेत हार्वर्डला गेले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवले, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. 1937 साली त्यांनी मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बहुजन विहार उभारला. धम्म पंडितांच्या कपाटातून कष्टकऱ्याच्या दारात आणला, हे त्यांचे मोठेपण.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी एक गोष्ट धीटपणे मांडली. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा त्यांना पटली नाही. शाक्य आणि कोलीय रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडत, हत्यारे उचलत; त्या वैराला कंटाळून तो निघाला, असे त्यांचे म्हणणे. पुढे बाबासाहेबांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचाच वाद आला.

सिंदफणेच्या काठी राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. दुष्काळात टँकर आला की सख्खे भाऊसुद्धा हंड्यावरून भांडतात. चार आर्यसत्ये इथूनच समजून घ्यावीत. दुःख आहे. त्याला कारण आहे, ते म्हणजे तृष्णा, माझं-माझं. ते कारण गेलं की दुःख जातं. आणि त्यासाठी वाट आहे, ती अष्टांगिक मार्गाची : दृष्टी, संकल्प, वाचा, कर्म, आजीविका, प्रयत्न, स्मृती आणि समाधी, सगळं सम्यक. यात नवस नाही, कुणाची मध्यस्थी नाही. आपल्याच पायांनी चालायचं.

कोसंबींनी शरीर थकल्यावर सेवाग्राम आश्रमात अन्न सोडून जून 1947 मध्ये देह ठेवला. थोर अभ्यासक दामोदर कोसंबी हे त्यांचेच चिरंजीव.

पंचशील पाठ आहे, चांगलंच आहे. आता त्याचा अर्थ घरातल्या लेकरांना समजावून सांगा, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!