माणसे पारखणारा कारखानदार : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

मोठ्या संस्थेच्या प्रमुखाच्या अंगी कोणते गुण असावेत, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. दूरदृष्टी, निर्णयशक्ती, चिकाटी ही नावे त्या यादीत ठरलेलीच असतात. परंतु हे गुण प्रत्यक्ष व्यवहारात कसे दिसतात, हे समजून घ्यावयाचे तर एखादे चरित्रच डोळ्यांसमोर ठेवावे लागते. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र त्या दृष्टीने मननीय आहे. जोखीम स्वतःच्या शिरावर घ्यावी आणि काम मात्र दुसऱ्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवावे, ही त्यांची रीत होती. त्यांच्या यशाचे मर्म पुष्कळ अंशी या रीतीत आहे, असे मला वाटते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांकडे आणि यंत्रांकडे होता. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले आणि चित्रकार होण्याची आशा मावळली. दुसरा कोणी दैवाला दोष देत बसला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक रेखाटनात त्यांनी प्रावीण्य मिळविले व मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले.

त्याच सुमारास, 1888 साली, बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामुअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला त्यांवर बसावयासही शिकवीत. पुढे तंत्रशाळेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. आम्हां सरकारी नोकरांना सेवाज्येष्ठतेच्या यादीचे महत्त्व सांगावयास नको. अन्यायाविरुद्ध अर्जावर अर्ज करण्यात उमेदीची वर्षे घालविणारी माणसे प्रत्येक कार्यालयात आढळतात. ती वर्षे लक्ष्मणरावांनी वाचविली, हा त्यांचा पहिला मोठा निर्णय होय.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे बनविली. नंतर लोखंडी नांगर हाती घेतला. नांगर तयार झाले, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून धंदा गुंडाळला नाही. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून असते, त्याने नव्या अवजाराची भीती बाळगावी यात नवल ते काय? ती भीती घालविण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, हे त्यांनी जाणले होते.

इतक्यात दुसरे संकट उभे राहिले. नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी म्हणून बेळगाव नगरपालिकेने ती सोडावयास सांगितले. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास धावून आले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. तेथे 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. जागा कसली, निवडुंगाचे रान! पाण्याची टंचाई आणि सापांचा सुळसुळाट. मूठभर कामगार व त्यांची बायकामुले एवढ्यांनिशी वसाहत सुरू झाली. आज ते गाव सांगली जिल्ह्यात असून स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

या माळावर लक्ष्मणरावांनी जी माणसे जमविली, त्यांकडे पाहिले म्हणजे त्यांची पारख कळते. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांकडे होती, यंत्रकाम शंभूराव जांभेकरांकडे, तर हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. पण त्यांची कल्पक बुद्धी ओळखून लक्ष्मणरावांनी त्यांना यंत्ररचनेच्या कामात घेतले. दरोड्यासारख्या गुन्ह्यांची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तर त्यांनी चक्क रखवालीवर नेमले. ज्याच्याकडून चोरीचे भय, त्याच्याच हाती राखण! नेमणूक फसली असती तर हसे त्यांचेच झाले असते. ती जोखीम त्यांनी जाणूनबुजून पत्करली आणि त्या माणसांनी विश्वास सार्थ केला. लक्ष्मणराव कर्मकांड मानीत नसत. वाडीत अस्पृश्यतेलाही त्यांनी थारा दिला नाही.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आवक आटली. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंगही मिळेना. अशा वेळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या, निरुपयोगी तोफा वितळविण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले! रंगासाठीही वाडीतच प्रयोग झाले. हातावर हात ठेवून बसण्याची सवयच तेथे नव्हती. नांगरांच्या जोडीस उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पाण्याचे पंप आले.

1920 साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ या भावंडांसह त्याने मराठी वाचकांच्या घरात केवढे स्थान मिळविले, हे जुन्या पिढीस ठाऊकच आहे. यंत्रांच्या कारखान्यात पुतण्याचे मासिक बहरू देणे, यासही मन मोठे लागते.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतून 1926 साली पदवीधर झाले. पुढची पिढी कामास लागली आणि उद्योगाने महाराष्ट्राची सीमा ओलांडली. 1941 साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रनिर्मितीची कंपनी निघाली. 1946 साली पुण्यात तेलइंजिनांची व बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनी स्थापन झाली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला, तोवर त्यांच्यावाचून काम चालविणारी माणसे ठिकठिकाणी उभी राहिली होती. प्रमुखाच्या कर्तृत्वाची याहून मोठी कसोटी कोणती? भारत सरकारने 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

कार्यालयांत आपण बहुधा उलट रीत पाहतो. अधिकार वरिष्ठाच्या मेजावर राहतो, आणि फाईलवरील जोखीम मात्र हळूहळू कनिष्ठाकडे सरकते. सार्वजनिक संस्थांतही निराळे घडत नाही. महाराष्ट्रापासून दूर राहूनही पन्नास वर्षे नांदत असलेल्या आपल्या मंडळाला जुन्या कार्यकर्त्यांच्या श्रमांचा अभिमान आहे, आणि तो यथार्थ आहे. परंतु कपाटाच्या किल्ल्या त्याच हातांत राहिल्या, तर तरुण केवळ गणपतीच्या आरतीपुरते येतील. पुढच्या वर्षीचा उत्सव त्यांच्यावर सोपवावा. चार गोष्टी चुकल्या तर बोल आपण ज्येष्ठांनी ऐकून घ्यावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात लक्ष्मणरावांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन दुसरे नाही.