कामगारांना घर देणारे धर्मगुरू : धन्य आडोल्फ कोल्पिंग

दरवर्षी ४ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा धन्य आडोल्फ कोल्पिंग यांचे स्मरण करते. आपल्याकडे हे नाव फारसे ऐकू येत नाही. परंतु घर सोडून कामधंद्यासाठी परक्या गावी राहणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी जे कार्य केले, ते आजही आपल्याला विचार करायला लावणारे आहे. म्हणून या रविवारी आपण त्यांच्या जीवनाची आणि ज्या जर्मन गिरणगावात हे कार्य रुजले, त्या एल्बरफेल्डची ओळख करून घेऊ या.

नदीकाठचे गिरणगाव

एल्बरफेल्ड हे गाव वुप्पर नदीच्या अरुंद खोऱ्यात वसले आहे. या नदीच्या पाण्यात चुन्याचे प्रमाण फार कमी, त्यामुळे सूत धुऊन पांढरे करण्यासाठी ते उत्तम. गावकरी नदीकाठच्या कुरणांवर सूत पसरवीत, त्यावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडीत आणि उन्हात ते शुभ्र करीत. १५२७ साली तेथील ड्यूकने एल्बरफेल्ड आणि शेजारचे बार्मेन या दोन गावांना सूत पांढरे करण्याचा खास हक्क दिला आणि गावाचे नशीब उघडले. १६१० साली एल्बरफेल्डला शहराचा दर्जा मिळाला. सुतामागून विणकाम आले, फिती आल्या, रंगकाम आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कापडाला पक्का तांबडा रंग देण्याची तुर्की पद्धत येथे आली. ज्या नदीने सूत पांढरे केले, तीच पुढे रंगाच्या कारखान्यांमुळे तांबडी होऊन वाहू लागली. १८४१ साली ड्युसेलडॉर्फहून रेल्वेही आली.

गावात पैसा आला. पण तो थोड्यांच्या हाती राहिला. लहान मुलेसुद्धा गिरण्यांत राबत होती. १८३९ साली प्रशियाच्या सरकारने नऊ वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी करणारा कायदा केला. असा कायदा करावा लागला, यावरूनच तेव्हाच्या परिस्थितीची कल्पना यावी.

हस्तकारागिरांची स्थितीही बिकट झाली होती. पूर्वी काम शिकणारा मुलगा उस्तादाच्या घरी राहायचा, त्याच्याच पंगतीला जेवायचा. काम शिकून झाल्यावर तो काही वर्षे गावोगाव फिरून काम करीत असे. पण तेव्हाही उस्तादाचे घर हाच त्याचा आधार असायचा. कारागिरांच्या जुन्या संघटना मोडल्या आणि हे नाते तुटले. आता मजुरी हातावर पडली की संबंध संपला. तरुण कारागीर भाड्याच्या खाटेवर झोपू लागला आणि संध्याकाळी त्याला जायला दारूच्या गुत्त्याशिवाय दुसरी जागा उरली नाही.

मेंढपाळाचा मुलगा

आडोल्फ कोल्पिंग यांचा जन्म ८ डिसेंबर १८१३ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, कोलोन शहराजवळील केर्पेन गावी झाला. पाच भावंडांत आडोल्फ चौथा. वडील दुसऱ्यांची मेंढरे राखीत. मुलगा अभ्यासात हुशार होता, पण पुढे शिकवण्याइतका पैसा घरात नव्हता. बाराव्या वर्षी त्याला जोडे शिवण्याचे काम शिकायला ठेवले. तीन वर्षांत काम शिकून तो कारागीर झाला. निरनिराळ्या गावी काम करीत १८३२ साली तो कोलोनला पोहोचला.

तेथे त्याने आपल्या सोबत्यांचे जिणे जवळून पाहिले. कोंदट खोल्या, दारू, शिवीगाळ, आजारपणात कुणी विचारणारे नाही. हे तरुण मुळात वाईट नव्हते. त्यांना आपले म्हणणारे कुणी नव्हते. त्याला स्वतःला त्या वातावरणात गुदमरल्यासारखे होई. दिवसा आरी आणि चामडे, रात्री पुस्तके, असा त्याचा क्रम सुरू झाला. मनात धर्मगुरू होण्याची ओढ होती. लॅटिन भाषा शिकण्यासाठी त्याने धर्मगुरूंकडे शिकवणी धरली. १८३७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो कोलोनच्या हायस्कूलमध्ये आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसला. हसणारे हसले असतील. त्याने शाळा सोडली नाही. १८४१ साली तो शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढच्या शिक्षणाचा खर्च एका जमीनदाराच्या मुलीने उचलला. म्युनिक आणि बॉन येथे त्याने ईशज्ञानाचा अभ्यास केला.

१३ एप्रिल १८४५ रोजी कोलोनच्या मायनोराइट चर्चमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांचे वडील देवाघरी गेले होते. आई तर कधीच गेली होती. ज्यांनी मेंढरे राखून मुलांना वाढवले, ते वडील मुलाची पहिली मिस्सा पाहू शकले नाहीत.

एक गाव, दोन तरुण

फादर कोल्पिंग यांची पहिली नेमणूक एल्बरफेल्डच्या संत लॉरेन्स चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू म्हणून झाली. गाव बहुसंख्य प्रॉटेस्टंट, कॅथलिक लोक थोडे आणि बहुतेक गरीब.

येथे एक योगायोग आम्हाला सांगावासा वाटतो. कार्ल मार्क्स यांचे सहकारी फ्रीडरिक एंगेल्स हे शेजारच्या बार्मेन गावचे, एका गिरणीमालकाचे चिरंजीव. इंग्लंडमधील कामगारांच्या दुःस्थितीवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक त्यांनी १८४४-४५ च्या सुमारास बार्मेनमध्येच लिहिले. फेब्रुवारी १८४५ मध्ये एल्बरफेल्डमध्ये त्यांच्या साम्यवादी सभा झाल्या. सभांना प्रतिष्ठित नागरिकांची गर्दी झाली. कामगार मात्र आले नाहीत, हे स्वतः एंगेल्स यांनीच नमूद करून ठेवले आहे. त्यानंतर सरकारने सभांना बंदी घातली आणि एंगेल्स ब्रसेल्सला निघून गेले. त्याच वर्षी फादर कोल्पिंग एल्बरफेल्डला आले. गिरणीमालकाच्या मुलाने कामगारांचे दुःख पाहिले आणि समाजरचना बदलण्याचा मार्ग धरला. मेंढपाळाच्या मुलाने ते दुःख स्वतः भोगले होते. त्याने आधी कामगाराला बसायला जागा दिली.

अर्थात ही सुरुवात एकट्या कोल्पिंग यांची नव्हती. काही तरुण सुतार गाणी म्हणण्यासाठी एकत्र जमू लागले होते. शाळाशिक्षक योहान ग्रेगोर ब्रॉयर यांनी त्यांना हात दिला आणि १८४६ साली तरुण कारागिरांचे मंडळ स्थापन केले. एका शिक्षकाने, एका प्रापंचिकाने हे बी पेरले, हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. १८४७ साली फादर कोल्पिंग मंडळाचे अध्यक्ष झाले. आपण इतकी वर्षे जे शोधत होतो ते हेच, हे त्यांना उमगले.

मंडळात काय चाले? संध्याकाळी लेखन, वाचन, हिशेब आणि चित्रकलेचे वर्ग. गाणे, गप्पा, वर्तमानपत्रे. प्रार्थना आणि धर्मशिक्षण. बचतीची सवय. आजारी सोबत्याची विचारपूस. चांगला ख्रिस्ती, चांगला कारागीर, चांगला कुटुंबप्रमुख आणि चांगला नागरिक घडावा, हा हेतू. धर्मगुरू केवळ उपदेशक नव्हते. घरातल्या वडिलांप्रमाणे ते मुलांमध्ये बसत.

सात जणांपासून जगभर

१८४९ साली फादर कोल्पिंग कोलोनला गेले. ६ मे रोजी एका शाळेत त्यांनी तेथील मंडळ सुरू केले, तेव्हा समोर अवघे सात कारागीर होते. १८५३ मध्ये मंडळाने स्वतःची इमारत घेतली. परगावाहून आलेल्या कारागिराला तेथे खाट, जेवण आणि ओळखीची माणसे मिळू लागली. एका गावच्या सभासदाने दुसऱ्या गावच्या मंडळाचे दार ठोठावले, की ते उघडत असे.

खर्च भागवण्यासाठी फादरांनी लेखणी हाती घेतली. १८५४ साली त्यांनी लोकांसाठी साप्ताहिक काढले. कथा लिहिल्या, पंचांगवजा वार्षिके काढली. मिळालेले पैसे या कामी लावले. रेल्वेने ते व्हिएन्नापर्यंत हिंडले आणि गावोगाव मंडळे उभी केली. या श्रमांनी प्रकृती ढासळली. ४ डिसेंबर १८६५ रोजी, बावन्नावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. तेव्हा चारशेहून अधिक मंडळे होती आणि सुमारे २४ हजार सभासद होते. ज्या मायनोराइट चर्चमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली, तेथेच त्यांची कबर आहे.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. त्यांचे लक्ष मुख्यतः हस्तकारागिरांवर होते. कारखान्यातील मजुराचे वेतन, कामाचे तास, संघटना करण्याचा हक्क हे प्रश्न मंडळाच्या वर्गांतून सुटणारे नव्हते. त्यासाठी इतरांना झगडावे लागले. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढले. तोवर कोल्पिंग यांना जाऊन पंचवीस वर्षे उलटली होती.

२७ ऑक्टोबर १९९१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. आज त्यांच्या नावाचे कुटुंब भारतासह अनेक देशांत काम करीत आहे.

आणि एल्बरफेल्ड? १८५३ साली या गावाने गरिबांना मदत देण्याची नवी पद्धत सुरू केली. एका स्वयंसेवकाकडे मोजकीच कुटुंबे आणि त्यांच्या घरी जाऊन चौकशी. इतर जर्मन शहरांनीही तिचे अनुकरण केले. आपण डोकेदुखीवर घेतो ती ॲस्पिरिनची गोळी १८९७ साली याच गावातील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. १९०१ साली नदीवरून अधांतरी धावणारी लोंबकळती रेल्वे सुरू झाली. १९२९ मध्ये एल्बरफेल्ड आणि बार्मेन एक झाले आणि पुढच्या वर्षी शहराला वुप्पर्टाल हे नाव मिळाले.

आपल्या धर्मग्रामातही परगावाहून आलेले तरुण भाड्याच्या खोल्यांत राहतात. कुणी गवंडीकाम करतो, कुणी रात्रपाळीला जातो, कुणी हॉटेलात भांडी घासतो. आपलीही मुले नोकरीसाठी दूरदेशी आहेत. तेथे त्यांना कुणीतरी दार उघडावे, अशी आपली प्रार्थना असते. मग आपल्या दाराचे काय? आपल्या सभागृहाची किल्ली आठवड्यातील एका संध्याकाळी या तरुणांसाठी काढता येईल का, याचा आपण सर्वांनी मिळून विचार करू या.