शिंप्याचा मुलगा जोसेफ फूरिये

फ्रान्समधील ओसेर या गावी २१ मार्च १७६८ रोजी एका शिंप्याच्या घरी जोसेफ फूरिये यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. गणिताच्या गोडीने त्यांना तारले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तुरुंगवास घडला. १७९८ साली ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. पुढे ग्रनोबल येथे सरकारी कारभार सांभाळून त्यांनी उष्णतेच्या वहनावर १८०७ साली निबंध सादर केला. कोणताही गुंतागुंतीचा चढउतार साध्या लहानमोठ्या लाटांच्या बेरजेने मांडता येतो, हा त्यांचा विचार लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञास पटला नाही. फूरिये डगमगले नाहीत. १८२२ साली त्यांचा ग्रंथ निघाला. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये ते निवर्तले.

आज मेंदूच्या चित्रणात हाच विचार उपयोगी पडतो. समजा, ३० सेकंद काम व ३० सेकंद विश्रांती असा प्रयोग आहे. म्हणजे ६० सेकंदांची लाट. यंत्राचे आकडे मात्र आपोआप सावकाश सरकत राहतात, आपल्या कालश्रेणीतील दीर्घकालीन प्रवृत्तीसारखे. म्हणून पुष्कळदा १२८ सेकंदांहून लांब लाटा गाळून टाकतात. पण काम व विश्रांती शंभर-शंभर सेकंदांची ठेवली, तर २०० सेकंदांची प्रयोगाची मुख्य लाटच गाळली जाते आणि मेंदूने केलेले बरेचसे काम हिशेबातून नाहीसे होते! यास्तव गाळणीची मर्यादा प्रयोगाच्या आवर्तनाहून बरीच मोठी हवी. काय टाकावे हे ठरविण्यापूर्वी काय राखायचे ते ओळखावे, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.