चिकाटी नावाची भट्टी

जोतिबाला मी दरवर्षी जातो, पण चैत्र यात्रेत नाही. यात्रा ओसरल्यावर जातो. सासनकाठ्या परत गेलेल्या असतात, गुलाल मात्र पायऱ्यांच्या सांदीत तसाच असतो. दर्शन झाले की पायवाटेने थोडा खाली उतरतो. तिथे एका शेताच्या बांधावर घायपाताची रांग आहे. आपल्याकडे घायपाताने दोनच कामे केली: गुरे अडवली आणि दोराला वाख दिला. यंदा त्या बांधावर टेकलो तेव्हा एका परक्या माणसाची आठवण झाली. सेनोबियो साउसा हे त्याचे नाव. १९०९ साली तो वारला, पण त्याचे आडनाव आजही जगभरच्या दुकानांत बाटल्यांवर छापलेले असते. टकिला नावाची दारू करतात ती याच घायपाताच्या एका भावंडापासून.

या माणसाशी माझी गाठ घालून दिली कॅलिफोर्नियातल्या भाच्याने. सुट्टीवर येताना त्याने दोन बाटल्या आणल्या आणि एक घोट घेऊन मी आयुष्यभराच्या सवयीने हिशेब विचारू लागलो. बँकेत असताना माझी काही वर्षे या डोंगराखालच्या गावांत गेली. गुळाच्या कर्जांच्या तपासणीला मी गुऱ्हाळांवर जात असे. कर्ज मालकाच्या नावावर असे. पण आमचे पैसे सुटणार की नाही हे ठरायचे काहिलीपाशी उभ्या असलेल्या गुळव्याच्या नजरेवर. रसात भेंडीचे पाणी कधी घालायचे, मळी किती काढायची, काहील कधी उतरवायची हे तोच जाणे. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपला की त्याचा निर्णय झाला. जरा उशीर झाला तर गूळ करपे, घाई झाली तर पाझरे. आमच्या कागदांवर मात्र गुळव्याची सही कुठेच नसे. साउसाच्या आयुष्यात मला रस वाटला तो यामुळेच. हा माणूस भट्टीत नोकर म्हणून शिरला आणि मालक होऊन राहिला.

मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतात, तेओकुइतात्लान गावी १८४२ मध्ये त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी, १८५८ मध्ये, तो तेकिला गावात आला. दारूला नाव मिळाले ते या गावाचे. मेक्सिकोत तेव्हा यादवी सुरू झाली होती. इकडे त्याच सुमारास इंग्रजांनी आमच्या चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवले होते. पोराने कुएर्वो घराण्याच्या भट्टीत काम धरले. या घराण्याला स्पेनच्या राजाचा परवाना १७९५ मध्येच मिळालेला, म्हणजे शिकायला जागा मुरलेली होती.

तो काय शिकला असेल? घायपात पिकायला सात-आठ वर्षे लागतात. धारदार पाने छाटली की अननसासारखा गड्डा उरतो. तिकडे त्याला अननसच म्हणतात. जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर हे गड्डे रचायचे, वर माती लोटायची आणि काही दिवस शिजू द्यायचे. शिजले की ते उसासारखे गोड लागतात. मग जनावराने ओढायच्या दगडी चाकाखाली चेचायचे. या चाकाला ताहोना म्हणतात. रस आंबवून दोनदा गाळायचा. गोव्यात काजूच्या बोंडांचे असेच चालते: पहिल्या गाळणीचा उर्राक, पुढची फेणी. सुरुवातीची आणि शेवटची धार टाकून मधली नेमकी कुठे धरायची, यात गाळणाऱ्याची सारी विद्या.

१८७० च्या सुमारास साउसाने दुसऱ्याची भट्टी भाड्याने चालवायला घेतली आणि १८७३ मध्ये 'ला अंतिग्वा क्रूस' नावाची जुनी भट्टी विकत घेतली. आधी भाड्याने चालवून बघणारा आणि मग खरेदी करणारा असा कर्जदार माझ्यापुढे आला असता, तर मी डोळे मिटून शिफारस केली असती. पुढे त्याने भट्टीचे नाव बदलून 'ला पेर्सेवेरान्सिया' ठेवले. म्हणजे चिकाटी. भट्टीला देवाचे किंवा बायकोचे नाव न देता स्वभावाचे नाव देणारा मालक मी तरी दुसरा ऐकलेला नाही. १८८४-८५ मध्ये तो गावाचा नगराध्यक्षही झाला.

पण त्याची खरी कर्तबगारी वेगळीच. तोवर भट्टीवाले हाताला लागेल त्या जातीचा घायपात वापरत. त्यातली निळसर पानांची जात लवकर पिकते आणि दारूला उत्तम, हे त्याने हेरले असे मानतात. खड्ड्याऐवजी वाफेवर गड्डे शिजवायची पद्धत रुजवण्याचे श्रेयही त्यालाच देतात. वाफेमुळे धुराचा वास गेला, वेळ वाचला. १८७३ पासून तो अमेरिकेला माल पाठवत होता, असे साउसा घराणे सांगत आले आहे. १८८८ मध्ये आगगाडी ग्वादालाहारापर्यंत आली आणि वाट सोपी झाली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची दारू गौरवली गेली. विवेकानंद शिकागोत गाजले ते याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत. एकाच गावी एकाच वर्षी काय काय घडावे!

इथे मला साउसाशी थोडे भांडायचे आहे. त्याने निवडलेली ती निळी जात पुढे कायद्याने एकमेव ठरली. तिची लागवड पिल्लांपासून होते, आपण उसाची कांडी लावतो तशी. सगळी झाडे एकाच रक्ताची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रोग आला तेव्हा शेतेच्या शेते गेली. याचा दोष शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला देणे अन्यायाचे, हे मला कळते. तरी बँकेत आम्ही सगळी कर्जे एकाच पिकावर देऊ नका असे सांगत असू.

१९०९ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत क्रांतीचा भडका उडाला. मुलगा एलादियो आणि नातू हाविएर यांनी धंदा वाढवला. टकिला हे नाव मेक्सिकोबाहेर कुणी वापरू नये म्हणून नातवाने बरीच खटपट केली आणि १९७४ मध्ये त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले २०१४ मध्ये. आपल्या दख्खनच्या घायपातापासून आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यात दारू गाळून २०११ मध्ये ती गोव्यात विकायला आणली गेली, तिलाही टकिला म्हणता आले नाही. पण मेक्सिकोचा हाच कायदा खुद्द टकिलात ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी साखर चालवून घेतो. गुळात साखर मिसळून 'कोल्हापुरी' म्हणून विकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना निदान लपवावे तरी लागे.

१९७६ मध्ये हाविएरने धंदा विकला. आज मोठ्या कारखान्यांत गड्डे न शिजवताच फोडून गरम पाण्याने गोडी धुऊन काढतात. उलट हालिस्कोच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, आरांदासच्या कार्लोस कामारेना यांच्या भट्टीत विटांच्या भट्टीत गड्डे शिजतात आणि एका टकिलासाठी दगडी ताहोना अजून फिरतो. तिथेच होणारी दुसरी टकिला मात्र चरकात पिळलेल्या रसाची. आतोतोनिल्कोच्या 'सिएते लेगुआस'वाल्यांनी दोन्ही रस मिसळायची रीत धरली. भाच्याने आणलेली एक बाटली साउसांच्याच पाचव्या पिढीतल्या गिल्येर्मो यांची होती. आजोबा हाविएर यांनी धंदा विकताना एक जुनी छोटी भट्टी तेवढी ठेवून घेतली होती. नातवाने ती पुन्हा पेटवली आणि २००५ मध्ये तिचा माल बाजारात आणला. तिथे विटांची भट्टी आहे, दगडी चाक आहे, तांब्याची भांडी आहेत. साउसा हे नाव विकले गेलेले. त्यामुळे खापरपणजोबांचे आडनाव बाटलीवर घालायची सोय नाही. दुसऱ्या बाटलीवर ते ठळक होते. कुठली चांगली ते माझ्या जिभेलाही कळले.

जोतिबाच्या बांधावरच्या एका घायपाताला यंदा उंच दांडा आला आहे. तेकिलात असा दांडा दिसताच छाटतात, म्हणजे गोडी गड्ड्यातच राहते. इथे तो कुणी छाटलेला नव्हता. फुलले की घायपात मरते. त्याची पिल्ले मात्र बांधावर दूरवर पसरली होती, आणि त्यांच्यापलीकडे खाली उसाची शेते.