कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन
कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन (८ नोव्हेंबर, १९०५ - २६ सप्टेंबर, १९७५) हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ होते. बालपणीची पहिली काही वर्षे त्यांनी दक्षिण भारतात, वडिलांच्या चहामळ्यावर काढली. पुढे ते एडिंबरा विद्यापीठात प्राणि-आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले.

१९५३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा फळमाशीवरील प्रयोग विशेष गाजला. कोशावस्थेतील माश्या त्यांनी ४० अंश सेल्सियस तापमानात ४ तास ठेवल्या. काहींच्या पंखांतील आडवी शीर त्यामुळे खंडित झाली. अशाच माश्यांची पिढ्यानपिढ्या निवड करीत गेल्यावर उष्णता न देताही तो दोष दिसू लागला. हा लामार्कचा विजय नव्हे. आधीपासून सुप्त असलेले आनुवंशिक भेद निवडीने एकत्र आले, असे वॉडिंग्टन यांचे मत होते.

हे स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले. जनुकसंचात पुनःपुन्हा आढळणारे व जागा बदलू शकणारे डीएनएचे तुकडे असतात. येवल्याच्या पैठणीचे रेशीम ज्या किड्यापासून मिळते, त्या तुतीच्या रेशीमकिड्यातही त्यांचा वाटा मोठा आहे. एरवी पेशी त्यांना दाबून ठेवते. तीव्र ताणात हा अंकुश सैल होतो आणि ते नव्या ठिकाणी शिरून जनुकांत बिघाड करू शकतात. वॉडिंग्टन यांच्या धर्तीवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशी नवी उत्परिवर्तने आढळली. तेथील भेद सुप्त नव्हते, नव्याने उद्भवलेले होते.