संगमावरचा तरुण

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ॲलेगेनी व मोनोंगाहेला ह्या दोन नद्या एकमेकींस मिळतात आणि त्यांच्या संगमापासून ओहायो ही मोठी नदी सुरू होते. आज तेथे पिट्सबर्ग शहर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथे घनदाट अरण्य होते. तो मुलूख डेलावेअर, शॉनी, सेनेका इत्यादी मूळ रहिवाशांचा. परंतु उत्तरेकडून फ्रेंच आणि पूर्वेकडून इंग्रज त्यावर आपलाच हक्क सांगत. ज्याच्या हाती संगम, त्याच्या हाती ओहायोचा जलमार्ग, हे दोघेही ओळखून होते.

जॉर्ज वॉशिंग्टन ह्याचा जन्म १७३२ साली व्हर्जिनिया ह्या इंग्रज वसाहतीत झाला. तो अकरा वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. त्याचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. मात्र जमीन मोजण्याची विद्या त्याने चांगली आत्मसात केली आणि सोळाव्या वर्षीच तो मोजणीच्या कामासाठी रानावनांत हिंडू लागला.

१७५३ साली फ्रेंचांनी ओहायोचे खोरे सोडावे, असा खलिता घेऊन व्हर्जिनियाच्या कारभाऱ्याने ह्या एकवीस वर्षांच्या तरुणास धाडले. वाटेत त्याने संगम पाहिला. किल्ल्यास ह्याहून सोयीची जागा नाही, हे त्याच्या मोजणीदाराच्या नजरेने तत्काळ हेरले. फ्रेंच अधिकाऱ्याने त्याचा आदरसत्कार केला, पण मागणी मानली नाही.

परतीचा प्रवास जिवावरचा ठरला. डिसेंबर संपत आला होता. ॲलेगेनी नदी अर्धवट गोठलेली, मधल्या प्रवाहातून बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहत होते. वॉशिंग्टन व त्याचा सोबती गिस्ट ह्यांच्यापाशी एकच लहानशी कुऱ्हाड! दिवसभर खपून त्यांनी तराफा बांधला. भर प्रवाहात बर्फाचा धक्का वॉशिंग्टनच्या हातातील वाशास बसला आणि तो खोल पाण्यात फेकला गेला. तराफ्याचे लाकूड हाती लागले म्हणून तो वाचला. ओल्या कपड्यांनिशी दोघांनी एका बेटावर रात्र काढली. गिस्टची बोटे थंडीने गोठली. पण त्याच थंडीने पहाटेपर्यंत नदीही गोठविली आणि दोघे बर्फावरून चालत पैलतीरास गेले.

१७५४ साली फ्रेंचांनी संगम बळकावून तेथे दुकेन किल्ला उभारला. वॉशिंग्टन सैन्य घेऊन निघाला. पण ह्या खेपेस त्याचा अंदाज चुकला. त्याने सखल कुरणात मेढेकोट बांधला. मुसळधार पावसात बंदुकीची दारू भिजली आणि ३ जुलै रोजी त्याला शरण जावे लागले. तहाचा कागद फ्रेंच भाषेत होता. ती भाषा त्याला येत नव्हती, तरी त्याने सही केली! एका फ्रेंच अधिकाऱ्याचा खून केल्याची कबुली त्या कागदात होती, हे त्याला मागाहून कळले.

१७५५ साली सेनापती ब्रॅडॉक ह्याच्याबरोबर तो पुन्हा निघाला. संगमापासून काही मैलांवर इंग्रजांचा दारुण पराभव झाला. वॉशिंग्टनच्या अंगाखालचे दोन घोडे पडले, अंगरख्यास चार गोळ्यांची भोके पडली. त्याला मात्र इजा झाली नाही. अखेर १७५८ च्या नोव्हेंबरात इंग्रज फौज जवळ येताच फ्रेंचांनी स्वतःच किल्ला जाळला व ते निघून गेले. त्या फौजेत वॉशिंग्टन होता. संगम इंग्रजांस मिळाला. मूळ रहिवाशांना मात्र आपली भूमी परत मिळाली नाही.

पुढे वॉशिंग्टनने इंग्रजांविरुद्धच स्वातंत्र्ययुद्ध लढविले, आणि १७८९ साली तो अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला. त्यापूर्वी १७७० साली सैनिकांस द्यावयाच्या जमिनी पाहण्यासाठी तो संगमावर पुन्हा आला होता. तेथे तेव्हा इंग्रजांचा किल्ला होता आणि त्याच्याजवळ ओंडक्यांची सुमारे वीस घरे उभी होती.